लिंबाच्या ओंडक्यातला भोवरा

आमच्या बुढ्याला बैलांचं वेड, तेही लाकडाच्या. खरे बैल गोठ्यातून जाऊन बरीच वर्षं झाली. आता ट्रॅक्टरवाल्याला फोन केला की तो येतो, नांगरतो, जातो. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं जो लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर नेतात, तो आपल्याच हातचा पाहिजे हा त्याचा हट्ट. बुढा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते आणि पाठीमागे बुढा. केळापूर तालुक्यात कोणत्याही बाईला विचारून पाहा, ती काही वेगळं करत असली तर मला सांगा.

बाजारात बैल घेताना आमच्याकडचा माणूस आधी दात पाहतो, मग भोवरे. भोवरा म्हणजे अंगावरचे केस जिथं गोल फिरतात ती जागा. कपाळावरचा भोवरा नीट मधोमध असला की बैल घरात आणायला हरकत नाही, भलत्या ठिकाणी असला की फुकट दिला तरी नको. बुढ्यानं हाच कायदा लाकडाच्या बैलालाही लावला. रंगानं काढलेला भोवरा त्याला चालत नाही. लाकडाच्या रेषाच आपोआप फिरून आलेल्या पाहिजेत आणि त्या बरोबर बैलाच्या कपाळावर बसल्या पाहिजेत. आता असं लाकूड काय दुकानात मिळतं? ते सापडतं सरपण फोडताना. म्हणून उन्हाळ्यात सरपण फोडायचं काम तो कोणाला देत नाही. प्रत्येक ढलपी उचलायची, थुंकी लावून पुसायची, उन्हात फिरवून पाहायची. जिथं फांदी मोडली आणि झाडानं जखम भरून काढली, तिथल्या रेषा वळून जातात म्हणे. बोरीच्या एका ढलपीत पाण्यावर वारा जावा तशा लाटा निघाल्या होत्या. बाभळीच्या एकीत काळ्या रेषांची अशी गिचमीड होती की लेकरानं पाटी गिरगटून ठेवली असावी. अशी सगळी लाकडं गोठ्यातल्या फळीवर मांडून ठेवलेली. एकदा त्यातलं एक मी चुकून आंघोळीच्या पाण्याखाली सारलं, तर माणूस कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

घरात गॅस आहे. पण आंघोळीचं पाणी आणि सणाला पुरणाचा मोठा गंज चुलीवरच चढतो, त्यामुळे मृग लागायच्या आत सरपण फोडून कोरड्या जागी गेलंच पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात वादळात धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, जुना कडूलिंब आडवा झाला. मशीन आणून त्याचे तुकडे केले. फांद्या गेल्या, मधलं खोड गेलं, बुडाचा ओंडका मात्र कोणी नेईना. सालीवरूनच दिसत होतं की झाड आयुष्यभर स्वतःभोवती फिरत वाढलंय. धुतलेलं लुगडं पिळून ठेवावं तसा तो ओंडका. पाहणारा प्रत्येकजण म्हणायचा, हे फुटायचं लाकूड नाही.

"मी फोडतो," बुढा म्हणाला.

"सुंभ जळते पन पीळ जात नाही," मी म्हणाले. "लाकडाचाही अन् तुमचाही."

तो हसला. असं काही म्हटलं की त्याला ती शाबासकी वाटते.

त्यानं ओंडका फोडायला घेतला त्या दिवशी शेजारच्या तांड्यात लग्न होतं. आमची सगळी गल्ली तिकडं गेलेली. जेवणाच्या वेळेला आम्हीही जाणार होतो. मी भांडी घासून आत नेत होते आणि अंगणात बुढ्याचा घन चालू होता. ओंडका आडवा टाकलेला. मधोमध लोखंडी पाचर ठोकलेली, निमुळत्या टोकाकडं बाभळीची लाकडी पाचर. घनाच्या घावासरशी ओंडका कण्हायचा आणि जराशी चीर पडायची. ती चीरही सरळ नाही, पिळाबरोबर वळत गेलेली.

"इकडं ये," त्यानं हाक मारली. "पाह्य, काय सापडलं."

मी हात पुसत गेले. चीर चार बोटं उघडली होती. दोन्ही अर्धी पूर्ण सुटली नव्हती. पिळाच्या लाकडात तसंच होतं, एका अर्ध्यातून दुसऱ्यात गेलेले ओल्या लाकडाचे दोर राहतात आणि ते दोन्ही बाजूंना आवळून धरतात. त्या दोरांच्या अलीकडे, चिरेच्या आत, तो भोवरा होता. लाल, तपकिरी, पिवळसर अशा रेषा एकीमागून एक आत वळत गेलेल्या आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. खोटं कशाला बोलू, माझाही जीव हरखला. एवढा रेखीव भोवरा मी खऱ्या बैलाच्या कपाळावरही पाहिला नव्हता.

"नातीचा बैल यातूनच," तो म्हणाला. नात यवतमाळला असते. मुलाची तिथल्या लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी.

"मंग फोडा ना."

"आनखी एक घाव घातला तं चीर याच्या मधातून जाईन. दोन तुकडे होतीन. आतूनच कापून घेतो." आणि त्यानं विळा घेतला.

"हात घालू नका अंदर."

"पाचर बसली आहे पक्की."

"पाचर बसली अशीन, पन हात घालू नका. मी सांगून राह्यली."

आ बैल मुझे मार, दुसरं काय. तो उकिडवा बसला, उजव्या हातात विळा धरून चार बोटं चिरेत घातली आणि भोवऱ्याच्या कडेनं कापायला लागला. ओला लिंब, आतून रस सुटलेला, सगळं गुळगुळीत. लोखंडी पाचर आपल्या जागेवरून उडाली. मी ती उडताना पाहिली नाही, फक्त माझ्यामागच्या पाण्याच्या ड्रमवर काहीतरी दाणकन आदळलं आणि चीर मिटली.

तो ओरडला नाही. "ए" एवढंच म्हणाला, हळू आवाजात, शेजारी झोपलेल्याला उठवावं तसं.

उजव्या हाताची चारही बोटं आत होती. विळा आतच पडला होता. अंगठा तेवढा बाहेर, ओंडक्याच्या सालीवर टेकलेला. चीर पूर्ण मिटली नव्हती कारण टोकाकडची बाभळीची पाचर अजून तग धरून होती. पण तीही ओल्या लाकडात बसवलेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती कर्र करून थोडी वर सरकली. ती निघाली की काय होणार हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. बोटांचा भुगा. शेती करणाऱ्या माणसाचा उजवा हात.

"पाचर पाह्य कुठी गेली," तो म्हणाला.

मी आधी फोन घेतला. तांड्यात लग्नाला गेलेल्या शेजाऱ्याला लावला, त्याच्याकडे गाडी आहे. तो मुलाच्या वयाचा, मला काकू म्हणतो, एरवी एका रिंगमध्ये उचलतो. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तिकडचा डीजे इथपर्यंत धडधडत होता, त्यात कोणाला काय ऐकू जाणार. दाराशी जाऊन मी दोन्हीकडं हाका मारल्या. गल्लीत एक कुत्रं होतं. तांड्यापर्यंत धावत जाता आलं असतं, पण मागे ती पाचर सरकली तर? परत येता येता मी त्याला शिव्या देत होते, कारण तोंड बंद केलं असतं तर मी रडले असते.

"बोंबलू नको," तो म्हणाला. "पाचर आन. घन आन."

ड्रमच्या मागे चिखलात पाचर सापडली. पुसून आणली. त्यानं डाव्या हातानं दाखवलं, जाड टोकाकडं, चिरेच्या तोंडाशी. "इथी लाव. अन् मार. जोरानं."

मी घन उचलला. मला जड काम नवीन नाही, पण हात घामानं ओले होते. नेम धरून मारला. पाचर आत गेली आणि जाड टोकाकडं चीर उघडली. मला वाटलं, सुटलं. मग मी त्याचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. मी खाली वाकून पाहिलं तर जाड टोकाकडं चीर उघडली तसा वरचा अर्धा भाग पिळावर फिरला होता आणि जिथं बोटं होती तिथं आणखी आवळला होता. पिळलेलं कापड एका टोकाला सोडवायला जावं आणि मधे गच्च बसावं तसं.

"मार," तो म्हणाला.

"तिथी आवळून राह्यलं. दिसते का तुमाले?"

"दिसते. मार आनखी."

"आनखी मारलं तं बोटं तुटतीन."

"तू मार."

मी पुन्हा घन उचलला आणि खाली ठेवला. नवऱ्याची बोटं स्वतःच्या हातानं चेचायची आणि तो 'मार मार' म्हणतोय. असला माणूस. मी खाली बसून नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या ढलप्या पाहून पाहून लाकडाच्या रेषा थोड्याफार मलाही कळायला लागल्या होत्या. दोन्ही अर्ध्यांना आवळणारे दोर त्याच्या बोटांच्या पलीकडे होते. अंगठ्याएवढे जाड, तिरपे गेलेले. सगळा ताण तिथं होता. पाचर कुठंही मारली तरी ते ओढून धरणार. तेच तोडले तर ओढायला कोणी राहत नाही. घाव पडायचा होता तिथून त्याचा हात चांगला वीतभर लांब होता. पण मला समोरून, पीळ खाली उतरतो त्या बाजूनं उभं राहावं लागणार होतं, कारण दुसऱ्या बाजूला तोच बसलेला.

मी कुऱ्हाड उचलली.

इतका वेळ ज्याचा आवाज चढला नव्हता तो माणूस आता ओरडला. "कुराड ठेव."

"ते दोर तोडते."

"ठेव म्हनलं ना. पाचरच मार."

"पाचरीनं होत नाही. पाह्यलं ना आत्ता."

"तुले कुराड चालवता येते का? लाकडातलं काय समजते तुले?"

ऐका. हात लाकडात, जीव टांगणीला, आणि हा मला सांगतोय लाकडातलं काय समजते. मला असा संताप आला की भीती कुठल्या कुठं गेली. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. फोडलेलं सरपण डोक्यावर वाहून आणायला मी, रचायला मी, जाळायला मी, आणि समजतं मात्र एकट्यालाच. बोटं गेली तरी चालतील पण बायकोचं ऐकलं असं व्हायला नको. मी तसं बोललेही त्याला, तिथल्या तिथं, कुऱ्हाड हातात धरून. डाव्या हातानं तो मला बाजूला हो, बाजूला हो असं करत होता. मी ते पाहिलं आणि मुद्दाम न पाहिल्यासारखं केलं.

बाभळीची पाचर पुन्हा कर्रकर्रली. या वेळी ती इतकी वर आली की तिचं ओलं अंग दिसलं.

मी डावा पाय ओंडक्याला टेकवला, नेम धरला आणि घाव घातला. दोन दोर तटातट तुटले. ओंडक्यातून मोठा आवाज आला. तिसरा दोर राहिला, सगळ्यात जाड, आता एकटाच ताणलेला. बुढा काहीतरी ओरडला, ते डीजेच्या आवाजात आणि माझ्या रागात बुडालं. मी दुसरा घाव घातला, अंगातली सगळी ताकद लावून. दोर तुटला. कुऱ्हाड तिथं न थांबता लाकडावरून घसरली आणि खाली जमिनीत रुतली. ओंडका मोठ्यानं कण्हला आणि चीर आपसूक उघडली. बाभळीची पाचर सैल होऊन आत पडली. भोवऱ्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते.

त्यानं हात बाहेर ओढला. काळीनिळी पडलेली बोटं, मधलं बोट भलत्याच बाजूला वळलेलं, नखांतून रक्त. मी तो हात पाहत होते आणि तो हाताकडं पाहतच नव्हता. तो माझ्या पायांकडं पाहत होता.

"पाय पाह्य तुहा," तो म्हणाला.

"हाताचं पाहा तुमच्या. पायाले काय झालं?"

"पाय पाह्य म्हनतो."

दुखण्यानं डोकं फिरलं असेल असं मला वाटलं. मी टॉवेल ओला करून हाताला गुंडाळला, त्याला खांबाला टेकवून बसवलं, पाणी पाजलं. तेवढ्यात त्या शेजाऱ्याचा फोन आला. काकू, काहून लावला होता. सांगेपर्यंत तो गाडी घेऊन दारात होता, डोक्याला फेटा, तोंड गुलालानं माखलेलं. त्यानं काही विचारलं नाही, बुढ्याला उचलून बसवलं आणि पांढरकवड्याची वाट धरली.

वाटेत मी गप्प बसले नाही. भीती उतरली की माझी जीभ सुटते, काय करू. लाकडाच्या बैलापायी हात घालवत होते. मी म्हणून वाचवला. तुमचं ऐकून पाचर ठोकत बसली असती तं चारही बोटं त्या लिंबात राह्यली असती. कोनाले समजते लाकडातलं, सांगा आता. शेजारी गाडी चालवता चालवता गालात हसत होता. बुढा खिडकीकडं तोंड करून बसला होता. मधेच एकदा म्हणाला, "पाय दुखते का?" मी म्हणाले, माझ्या पायाचं सोडा.

दवाखान्यात फोटो काढले, नखं साफ केली, पट्ट्या बांधल्या. मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल पण चारही बोटं राहतील, काम करतील. ते ऐकलं आणि मी तिथंच भिंतीला टेकून रडले. इतका वेळ अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. मला या माणसाची सवय आहे, त्याच्या हातांची सवय आहे. ते हात तसेच राहणार होते. मला फार बरं वाटलं आणि थोडी घमेंडही आली, लपवत नाही.

औषधं येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. आजूबाजूला बरीच माणसं होती. बुढा वाकला आणि डाव्या हातानं माझ्या लुगड्याच्या निऱ्या उचलून धरल्या.

निऱ्या कापल्या गेल्या होत्या. टरकल्या नव्हत्या, कापल्या होत्या, वस्तऱ्यानं कापाव्या तशा, काठापासून वर वीतभर. आतल्या परकरालाही तेवढीच चीर. नडगीवर एक पांढरा ओरखडा, रक्ताचा थेंब नाही. मला कधी कळलंही नव्हतं.

"तू जिथी उभी होती ना," तो हळू बोलत होता, "तिथून घाव घातला की त्या पिळावर कुराड टिकत नाही. घसरते. सिद्दी पायावर येते. मले बसल्या जागी दिसत होतं."

मी त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"अन् पाचर मारली असती तं बोटं गेली असती," मी म्हणाले. "तेही दिसत होतं?"

"हो."

"पयलेपासून?"

"तू पयला घन मारला तवापासून."

"मंग सांगतलं काहून नाही? कुराड पायावर येईन म्हनून?"

"सांगतलं असतं तं तू थांबली असती?"

नसते थांबले. पाय गेला तरी चालेल म्हणून आणखी घाईनं घाव घातला असता, आणि हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर मला येत नाही, मला समजत नाही, असलं टोचून बोलत होता. मी चिडून कुऱ्हाड फेकावी आणि पाचर ठोकावी म्हणून. हिशेब चुकला इतकाच, मी चिडून कुऱ्हाड चालवली.

मला पुन्हा राग आला. सकाळच्यापेक्षाही जास्त. माझ्या एका पायाच्या बदल्यात त्यानं आपली चार बोटं द्यायचं ठरवलं होतं आणि मला न विचारता मोकळा झाला होता.

"मले इचारलं काहून नाही?" मी म्हणाले. "बोटं तुमची असतीन, पन मारनार तं मी होती ना? जल्मभर मीच तोडली म्हनून जगली असती मी. इचारलं का मले?"

"तू कुराड उचलली तवा मले इचारलं होतं?" तो म्हणाला.

समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडं पाहत होती. चारचौघात माझ्या शेजारी बसायलाही जो लाजतो, तो माणूस माझ्या कापलेल्या निऱ्या मुठीत धरून बसला होता, आणि मी त्याला सोडा म्हणाले नाही.